गळ्याचा फोटो

आमच्या मुरूममध्ये एक्स-रे हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. 'फोटो' म्हणतात. पाय मोडला, फोटो काढा. खोकला जात नाही, छातीचा फोटो काढा. पुढे सोनोग्राफी आली, सीटी स्कॅन आला, एमआरआय आला, पण सगळ्यांचं नाव फोटोच राहिलं. 'साधा फोटो', 'पोटाचा फोटो', 'मोठ्या मशिनीतला फोटो' अशी प्रतवारी आहे, एवढंच. उमरग्याहून किंवा सोलापूरहून एखादा माणूस हातात मोठा लिफाफा घेऊन एसटीतून उतरला की स्टँडवरच विचारणा होते, "फोटोत काय निघालं?"

शब्द चुकीचा नाही. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचं जे चित्र काढलं ते फोटोच्या प्लेटवरच होतं. किरण एका बाजूने सोडायचे, शरीरातून पलीकडे किती पोचले ते बघायचं. हाड जास्त अडवतं, मांस कमी अडवतं. म्हणजे ती सावली. पुढची कित्येक दशकं रेडिओलॉजिस्टचं काम हे सावली वाचायचं काम होतं, आणि ते सोपं नाही. पण सावलीत आकार कळतो. गाठ आहे हे कळतं, पण ती गाठ आत काय उद्योग करते आहे ते कळत नाही.

हा उद्योग बघण्याच्या विद्येला हल्ली मॉलिक्युलर इमेजिंग म्हणतात. पेशी साखर किती खाते, आयोडीन ओढून घेते का, तिच्या पृष्ठभागावर अमुक एक रेणू चिकटायला जागा आहे का, हे जिवंत माणसाच्या शरीरात, न कापता बघायचं. त्यासाठी पेशीला हव्या असलेल्या पदार्थालाच किरणोत्सारी अणूची चिठ्ठी लावून आत पाठवायचं आणि बाहेरून यंत्राने ती चिठ्ठी कुठे पोचली ते टिपायचं.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण आमचा भाचा. एमबीबीएस झाला, पीजीची परीक्षा दिली, आणि घरात वाद सुरू झाला की रेडिओलॉजी घ्यायची की न्यूक्लिअर मेडिसीन. भाच्याला दुसऱ्याची ओढ आहे. आमच्या घरातला सर्वसाधारण सूर असा, की रेडिओलॉजी मिळत असताना न्यूक्लिअर कोण घेतं? ते काय, आपल्याकडे आहे तरी का? मी फिजिक्स शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण 'आपल्याकडे आहे तरी का' हा प्रश्न मला जरा लागला. कारण आपल्याकडे ते १९६३ पासून आहे, आणि आपल्या घरातल्या एका बाईचं आयुष्य त्यामुळे तेवीस वर्षांनी वाढलं. ते कुणी आणलं, कसं आणलं, हे घरच्यांना तरी माहीत असावं.

सुरुवात जरा लांबून. जॉर्ज द हेवेशी नावाचा हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ तरुणपणी मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत होता आणि एका खानावळीत जेवत होता. मालकीण बाई रविवारचं उरलेलं मटण आठवडाभर वेगवेगळ्या रूपांत वाढते, असा त्याला संशय. बाई म्हणायच्या, छे, रोज ताजं असतं. मग त्याने एका रविवारी ताटात उरलेल्या अन्नात थोडा किरणोत्सारी पदार्थ टाकून दिला आणि काही दिवसांनी पुढ्यात आलेल्या पदार्थाजवळ इलेक्ट्रोस्कोप नेला. व्हायचं तेच झालं. हा किस्सा तो स्वतःच सांगायचा. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवलेल्या कुणालाही त्याचं मोल कळेल. चिठ्ठी लावून माग काढायची हीच युक्ती त्याने पुढे झाडांवर आणि प्राण्यांवर वापरली आणि १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी मिळवलं.

म्हणजे या विद्येचं मूळ एक्स-रेच्या खोलीत नाही, केमिस्टच्या टेबलावर आहे. म्हणूनच तिचं नेतृत्व कोणी करायचं हा प्रश्न जगभर चिघळत राहिला. रेडिओलॉजिस्ट म्हणत, चित्र आहे ना, मग आमचं. मेडिसीनचे डॉक्टर म्हणत, थायरॉइडचा रोगी आमचा, आयोडीन आम्ही पाजणार. फिजिक्सवाले यंत्र बनवून मोकळे.

अमेरिकेत या भांडणाचं एक चांगलं उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठात मिळालं. तिथले रेडिओलॉजी विभागप्रमुख गॅरी ग्लेझर यांनी २००३ साली लॉस एंजेलिसहून संजीव गंभीर यांना आणलं. गंभीर जन्माने अंबाल्याचे, वाढले अ‍ॅरिझोनात, शिकले डॉक्टरी आणि जीवशास्त्रातलं गणित अशा दोन्ही विद्या. त्यांनी तिथे मॉलिक्युलर इमेजिंगचा कार्यक्रम उभा केला, ज्यात केमिस्ट, इंजिनिअर, जीवशास्त्रज्ञ सगळे रेडिओलॉजीच्या छपराखाली आले. २०११ साली गंभीर स्वतःच विभागप्रमुख झाले. कॅन्सर लवकरात लवकर कसा दिसेल हाच त्यांचा ध्यास. त्यांचा एकुलता मुलगा मिलन २०१५ साली सोळाव्या वर्षी मेंदूच्या कॅन्सरने गेला, आणि २०२० च्या जुलैत ते स्वतः कॅन्सरनेच गेले, वय ५७. मी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं ते त्या मृत्युलेखांतच. वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

तर तिथे रेडिओलॉजीच्या प्रमुखाने अणूवाल्यांना आपल्या घरात घेतलं. आपल्याकडे बरोबर उलटं झालं. अणूवाल्यांनी हॉस्पिटलच आपल्या घरात घेतलं.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, टाटांच्या ट्रस्टच्या पैशाने. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं. इथपर्यंत कुणालाही समजेल. पण १९६२ साली ते तिथून काढून अणुऊर्जा खात्याकडे दिलं गेलं. कॅन्सरचं हॉस्पिटल, आणि मालक अणुभट्टीवाले! आजही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. यामागे होमी भाभा. भाभांचं गणित सरळ होतं. कॅन्सरला रेडिएशन लागणार, रेडिएशनला आयसोटोप लागणार, आयसोटोप ट्रॉम्बेला तयार होणार, आणि मधे दोन मंत्रालयं असली तर आयसोटोप फायलीतच निकामी होणार. (किरणोत्सारी पदार्थाला अर्धायुष्य असतं. फायलीला नसतं.)

ट्रॉम्बेला तोवर तयारी झाली होती. अप्सरा ही पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाली, तलावासारख्या पाण्यात बुडवलेली, लहानशी. १९६० साली सायरस आली, ती मोठी. भट्टी म्हटलं की आपल्याला वीज किंवा बॉम्ब एवढंच सुचतं, पण या दोन भट्ट्यांनी आयसोटोपही बनवले, आणि त्यांतले कित्येक माणसांच्या पोटात गेले, औषध म्हणून.

टाटामध्ये हे बीज रुजायला जमीनही तयार होती. पॅथॉलॉजीचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथे संशोधनाची शिस्त घालून दिली होती. १९५२ साली निघालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते पहिले संचालक. सर्जन डॉ. अर्नेस्ट बोर्जेस तर त्या हॉस्पिटलचा चेहराच. हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे, डॉ. ई. बोर्जेस रोड.

आणि १९६३ साली याच हॉस्पिटलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत, जेरबाई वाडिया रोडवर, ट्रॉम्बेच्या संस्थेने रेडिएशन मेडिसीन सेंटर काढलं. सगळे आरएमसी म्हणतात. (योगायोग असा की आमच्या भागातले लोक ज्या सोलापूरला धावतात तिथलं मेडिकल कॉलेजही १९६३ चंच.) आरएमसीचं सुरुवातीच्या काळातलं मोठं नाव डॉ. आर. डी. गणात्रा. त्यांच्यानंतरच्या लोकांत डॉ. ए. एम. सॅम्युअल, ज्या पुढे बीएआरसीच्या सबंध बायोमेडिकल विभागसमूहाच्या संचालक झाल्या. गणात्रा पुढे व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत गेले आणि गरीब देशांत ही विद्या कशी रुजवायची याच कामात राहिले.

मला या माणसांची एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. त्यांनी सुरुवात भारी चित्रांपासून केली नाही. त्यांनी थायरॉइड धरला. का? एक तर आपल्या देशात गलगंडाचे रोगी अमाप, हिमालयाच्या पायथ्याशी तर गावंच्या गावं. दुसरं म्हणजे थायरॉइडला आयोडीन लागतं आणि शरीरातला दुसरा कुठलाच अवयव ते इतकं ओढून घेत नाही. आयोडीन-१३१ भट्टीत बनवता येतं, अर्धायुष्य आठ दिवस, म्हणजे मुंबईहून कुठेही पाठवायला सवड. गळ्याजवळ एक साधा काउंटर धरला तरी ग्रंथी किती काम करते ते कळतं. चित्रसुद्धा नको. आणि तेच आयोडीन मोठ्या मात्रेत दिलं की कॅन्सरची पेशी ते स्वतःच गिळते आणि मरते. दाखवणारा आणि मारणारा एकच. या कल्पनेला अलीकडे मोठं इंग्रजी नाव मिळालंय, परिषदा भरतात. परळला ते कित्येक दशकं मुकाट चालू होतं.

आमची आत्या १९९१ साली तिथे गेली. गळ्याला गाठ होती, बरीच वर्षं होती, कुणी मनावर घेतलं नाही. तेव्हा गावात गाठ म्हणजे लेप आणि गंडा. मग सोलापूरला ऑपरेशन झालं, तपासणीत कॅन्सर निघाला आणि तिथल्या डॉक्टरांनी एका कागदावर परळचा पत्ता लिहून दिला. मुरूमहून एसटीने सोलापूर, तिथून रात्रीची गाडी, सकाळी दादर. सोबत माझे वडील आणि मी. उतरलो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे गेल्यावर कळलं की महाराष्ट्रात किती आजार आहे आणि किती माणुसकी आहे.

आत्याला आधी चाचणीपुरतं थोडं आयोडीन दिलं आणि नंतर तिचं सबंध शरीर स्कॅन केलं. मला तो कागद आठवतो. माणसाची अंधूक बाह्यरेषा, आणि गळ्यात काळे ठिपके, छातीत दोन. एक्स-रेमध्ये छाती साफ होती! म्हणजे सावलीत काहीच नव्हतं आणि उद्योग मात्र चालू होता. मग मोठी मात्रा. ती एका खोलीत एकटी, जेवण दारातून आत, काउंटरचा आकडा खाली येईपर्यंत बाहेर यायचं नाही. आत्या आयुष्यात एकटी कधी झोपलेली नव्हती. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, फार भ्यालीस का? म्हणाली, "भ्यायचं काय त्यात. फोटो काढला त्यांनी. पण लाइट त्यांचा नव्हता बाबा, माझ्यातूनच आला."

मी वर्गात पुढे पंचवीस वर्षं हा फरक शिकवला, किरण बाहेरून आत सोडणं आणि आतून बाहेर येणं. आत्याइतक्या कमी शब्दांत मला कधी जमलं नाही.

गावी आल्यावर काही दिवस तिचं ताट-वाटी वेगळं, अंथरूण वेगळं, लहान पोरांना जवळ घ्यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं साधं गणित, अंतर आणि दिवस. पण वेगळं ताट म्हटलं की आपल्याकडे त्याचे अर्थ फार जुने आणि फार वाईट निघतात. शेजारच्या एक-दोघींनी पाणी घ्यायचं बंद केलं. आयोडीन महिन्या-दोन महिन्यांत नगण्य झालं, शेजारणी ताळ्यावर यायला वर्ष लागलं. आत्या २०१४ साली गेली, ७८ व्या वर्षी, हृदयविकाराने.

आता ट्रॉम्बेची एक गोष्ट, जी मला या सबंध इतिहासात सर्वांत आवडते.

न्यूक्लिअर मेडिसीनचं रोजचं धान्य म्हणजे टेक्नेशियम-९९एम. हाडांचा स्कॅन, किडनीचा स्कॅन, हृदयाचा स्कॅन, बहुतेक सगळं यावर. हे मूलद्रव्य निसर्गात जवळपास नाहीच. १९३७ साली इटलीत सेग्रे आणि पेरिए यांना ते मॉलिब्डेनमच्या एका पट्टीत सापडलं. ती पट्टी बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून निघालेली, पोस्टाने आलेली. टेक्नेशियम-९९एम चं अर्धायुष्य सहा तास. रोग्याच्या दृष्टीने उत्तम, कारण दुसऱ्या दिवशी शरीरातून जवळपास संपलेलं. पण मग ते नागपूरला किंवा लखनौला पोचवायचं कसं?

युक्ती अशी. टेक्नेशियम पाठवायचंच नाही, त्याची आई पाठवायची. मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास. ती हॉस्पिटलात बसून सतत टेक्नेशियम बनवत राहते. रोज सकाळी जमलेलं काढून घ्यायचं. या यंत्राचं खरं नाव जनरेटर, पण धंद्यातले लोक जगभर त्याला 'गाय' म्हणतात आणि काढायच्या क्रियेला 'धार काढणं'. (हे मी विनोद म्हणून लिहीत नाही. खरंच म्हणतात.) एक गाय आठवडाभर दूध देते. मग भाकड.

अडचण गायीच्या जातीची होती. परदेशात मॉलिब्डेनम-९९ युरेनियमच्या विखंडनातून वेगळं काढत. ते अगदी शुद्ध, अ‍ॅल्युमिनाच्या बोटभर नळीत मावणारं. वरून सलाइन ओतलं की खाली टेक्नेशियम. त्यासाठी लागणारा कारखाना आपल्याकडे नव्हता. आपल्या भट्टीत साधं मॉलिब्डेनम ठेवून न्यूट्रॉनचा मारा केला की ९९ बनतं खरं, पण पोतंभर तांदळात मूठभर रंगीत दाणे असावेत तसं. ते बोटभर नळीत कसं बसणार?

ट्रॉम्बेच्या केमिस्ट लोकांनी नळीचा नाद सोडला. मिथिल इथिल कीटोन नावाचा एक द्राव आहे, रंगाच्या कारखान्यात वापरतात तसला. मॉलिब्डेनमच्या अल्कलीयुक्त पाण्यात तो घालून हलवलं की टेक्नेशियम उडी मारून वरच्या थरात येतं, मॉलिब्डेनम खाली पाण्यातच राहतं. वरचा थर काढायचा, द्राव उडवून टाकायचा, तळाशी उरलेलं सलाइनमध्ये घ्यायचं. ताक घुसळून लोणी वेगळं काढण्याशी याचं नातं आहे. देशातल्या कित्येक हॉस्पिटलांत कित्येक वर्षं तंत्रज्ञ पहाटे येऊन हे घुसळण करत, आणि दहा वाजता रोगी टेबलावर जाई. पुढे १९८९ पासून ब्रिट ही अणुऊर्जा खात्याचीच संस्था वाशीहून आयसोटोप आणि औषधांचे तयार किट पुरवू लागली.

बाहेरचं यंत्र आणून फीत कापणारे प्रमुख पुष्कळ असतात. आपल्या भट्टीत जे निघतं त्यावर आपली पद्धत बसवणं, ती इतकी साधी करणं की लांबच्या हॉस्पिटलातल्या तंत्रज्ञाला रोज जमावी, याला मी नेतृत्व म्हणतो. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं म्हणून ते कुणाला दिसत नाही.

दुसरं न दिसणारं काम माणसं घडवायचं. १९७३ साली आरएमसीने मुंबई विद्यापीठाची डीआरएम ही पदविका सुरू केली, डॉक्टरांसाठी. तंत्रज्ञांसाठी वेगळा अभ्यासक्रम काढला. देशात जिथे जिथे हा विभाग निघाला तिथे परळला शिकलेलं कुणी ना कुणी सापडतंच. आता एमडी आहे, आणि तीच आमच्या भाच्याच्या यादीत आहे. ज्याला घरात 'दुय्यम' म्हणतायत त्याचा वंशवृक्ष हा असा आहे. ताई, तू वाचते आहेस ना?

इतकी वर्षं रेडिओलॉजिस्ट आणि हे लोक शेजारी राहूनही वेगळ्या घरात होते. एकाकडे आकार, दुसऱ्याकडे उद्योग. त्यांना एका टेबलावर आणलं एका यंत्राने. १९७६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा माणसाला एफडीजी दिलं, म्हणजे फ्लोरीन-१८ ची चिठ्ठी लावलेली साखर. कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात, त्या पेट स्कॅनमध्ये उजळतात. पण नुसत्या पेटमध्ये ठिपका दिसतो, तो नक्की कुठल्या गाठीत ते सांगता येत नाही; काळोख्या शेतात कंदील दिसावा आणि बांध दिसू नये तसं. १९९८ मध्ये टाउनसेंड आणि नट यांनी पेट आणि सीटी एकाच यंत्रात बसवून पिट्सबर्गला चालवून दाखवलं. कंदीलही दिसला, बांधही दिसला.

आपल्याकडे पहिला पेट स्कॅनर २००२ साली लागला, अर्थात परळला, आरएमसीत. सोबत देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन, १६.५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा, कारण फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य अवघं ११० मिनिटं. ते जवळच बनवावं लागतं. दोनच वर्षांनी, २००४ च्या अखेरीस, टाटा मेमोरियलमध्ये पेट-सीटी आलं. आता सीटी वाचायला रेडिओलॉजिस्ट हवा आणि पेट वाचायला न्यूक्लिअरवाला, आणि रिपोर्ट एकच. दोन्ही बाजूंना जरा अवघड गेलं असणार. टाटामध्ये त्या विभागाच्या नावातच पुढे 'मॉलिक्युलर इमेजिंग' आलं.

आरएमसीची गाडी इथे थांबली नाही. ध्रुव भट्टीत ल्युटेशियम-१७७ बनू लागलं आणि डॉ. संदीप बसूंच्या काळात न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमरच्या रोग्यांवर त्याचे उपचार तिथे मोठ्या प्रमाणावर झाले. आधी त्याच रेणूला गॅलियम लावून बघायचं की गाठ तो पकडते का. पकडत असेल तर ल्युटेशियम लावून पाठवायचं. आत्याच्या आयोडीनची नात म्हणा. सायरस भट्टी ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली, तेव्हा आयसोटोपचा बराच भार ध्रुववर आला.

एवढं कौतुक केल्यावर तक्रारही करतो. भाभांनी हॉस्पिटल अणुऊर्जेच्या घरात नेलं म्हणून हे सगळं झालं, आणि त्याच कारणाने ते फार काळ मोठ्या शहरांत राहिलं असं माझं मत आहे. तालुक्याच्या गावी पोचलेला माणूस रेडिओलॉजिस्ट आहे. सोनोग्राफी त्याने खेड्यापर्यंत नेली. ही दोन घरं वीस वर्षं आधी एक झाली असती तर? रोग्याला बघणारा गावातला डॉक्टर आणि परळची गाय यांच्यामधे जो माणूस हवा होता, तो आपण घडवलाच नाही.

हे लांबच्या भागात जमत नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) टाटा मेमोरियलने, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी केली. ५२ गटांत विभागलेल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. २००९ साली निकाल छापून आला आणि जगभर गाजला. विषाणूचा डीएनए शोधणारी एकच चाचणी, आयुष्यात एकदा, आणि या आजाराचे मृत्यू जवळपास निम्मे: तपासणी झालेल्या गटात ३४, न झालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणी का दिली नाही यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्त होती असं मला वाटतं. पण रेणूच्या पातळीवरची तपासणी आपल्या वाड्या-वस्त्यांवर होऊ शकते, हे तिथे सिद्ध झालं. तो फोटो नव्हता, नुसता नमुना होता. नमुन्याला अर्धायुष्याची घाई नसते.

एफडीजीला असते. मी मुरूमसाठी हिशेब मांडून पाहिला. मुंबईहून रस्त्याने नऊ तास धरा, म्हणजे जवळपास पाच अर्धायुष्यं. निघताना जे होतं त्याचा तिसावा हिस्सा उरेल. हैदराबादहून साडेचार तास धरले तर अठरा टक्के. सोलापूरहून दोन तासांत निम्म्याला थोडं कमी. म्हणजे फ्लोरीनची मजल आमच्या बाबतीत फार तर सोलापूरपर्यंत. पण गॅलियमची गोष्ट वेगळी. गॅलियम-६८ स्वतः ६८ मिनिटांत निम्मं होतं, पण त्याची आई जर्मेनियम-६८, तिचं अर्धायुष्य २७१ दिवस. ही गाय एकदा आणून बांधली की वर्षभर धार देते. तिला सायक्लोट्रॉन शेजारी लागत नाही, मुंबई शेजारी लागत नाही. स्कॅनर लागतो, परवाना लागतो, शिशाची खोली लागते, आणि सकाळी उठून धार काढणारा माणूस लागतो. गाय मात्र मुरूम स्टँडवर एसटीतून उतरवता येण्याइतकी लहान असते. (नियमात बसत नाही, ठाऊक आहे.)